झोपाळ्याची जुनी सागवानी फळी घासून गुळगुळीत कशी करावी?

मधुमालती

नमस्कार मंडळी,

देवरुखच्या घरातला झोपाळा पुण्याला आणलाय. फळी अखंड सागवानी आहे, पाच फूट लांब, दोन फूट रुंद, जाडी पावणेदोन इंचांच्या आसपास. पितळी कड्या काढून वेगळ्या ठेवल्यात. आजोबांच्या काळापासून दर दोन-चार दिवाळ्यांना या फळीवर ऑइलपेंटचा एकेक हात चढत गेला. वर चॉकलेटी, त्याखाली हिरवा, त्याच्याही खाली निळा. एका कोपऱ्यात सगळे थर उडालेत आणि आतलं सोनेरी लाकूड दिसतंय. ते बघितल्यापासून मला पुन्हा रंग लावायची इच्छाच राहिलेली नाही. लाकूड दिसेल असं पॉलिश हवंय, आणि फळी इतकी गुळगुळीत हवीय की आडवं पडलं तर साडीचा पदर कुठे अडकू नये.

एका सुतारांनी सांगितलं, ग्राइंडरला चकती लावून तासाभरात साफ करून देतो. दुसरे म्हणाले, ८० चा पेपर (लाकूड घासायचा सँडपेपर) मारा, वर सीलर (पॉलिशखालचा पारदर्शक थर) मारा, काम झालं. हार्डवेअरवाला विचारतो, "झिरो देऊ, दीड देऊ, का १२० देऊ?" मला हे स्वतःच्या हाताने करायचंय. घाई अजिबात नाही. सुरुवात कुठून करू, कुठले नंबर घेऊ आणि थांबायचं कुठे, हे जाणकारांनी सांगावं.

आडवी करवत

ताई, ग्राइंडरला साफ नाही म्हणा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो आणि चकतीची फक्त कड लाकडाला लागते. जिथे हात क्षणभर रेंगाळतो तिथे खळगा पडतो. रंग निघतो हे खरं, पण मागे फळीभर उथळ वाट्या राहतात. उजेड तिरका पडला की त्या सगळ्या दिसतात, आणि त्या काढायच्या म्हणजे अख्खी फळी पुन्हा रंध्याखाली घालावी लागते. पन्नास-साठ वर्षं मुरलेलं सागवान आज बाजारात सहज मिळत नाही, ते असं उडवू नका.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता आहे. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारा नियम २०१६ साली निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. हा रंग कोरडा घासायचा नाही, हाताने नाही आणि मशीननेही नाही. ब्लोलॅम्पने जाळायचा तर मुळीच नाही. पेंट रिमूव्हर लावा, रंग फुगला की बोथट पत्र्याने किंवा स्क्रॅपरने खरवडून काढा. उघड्यावर करा, रबरी हातमोजे घाला. लहान मुलं आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिला लांब ठेवा. खाली जाड प्लॅस्टिक अंथरा, निघालेला चोथा त्यातच गुंडाळा, झाडांच्या कुंड्यांजवळ किंवा मोरीत टाकू नका.

रंग पूर्ण निघाला, फळी थिनरने पुसून वाळली, की मग घासकामाचं बोलू.

स्टेथो

करवतदादांना दुजोरा. शिसं शरीरात साठत जातं, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो. गच्चीत काम केलंत तर संध्याकाळी ओल्या फडक्याने सगळं पुसून घ्या. झाडूने धूळ पुन्हा हवेत जाते. कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका.

रंग गेल्यावर उरणाऱ्या लाकडाच्या भुश्शालाही कमी लेखू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातली आहे. वर्षानुवर्षं कठीण लाकडाच्या धुळीत काम करणाऱ्यांना नाकाच्या आतल्या पोकळ्यांचा कर्करोग होतो, हे त्यामागचं मुख्य कारण. एका फळीने असं काही होणार नाही, पण धूळ नको म्हणून रुमाल बांधण्याचा काही उपयोग नसतो. एन-९५ मास्क लावा आणि तो गालाला घट्ट बसतोय ना ते बघा. सगळ्यात बारीक पेपरची धूळ डोळ्यांना कमी दिसते आणि हवेत जास्त वेळ राहते, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात मास्क काढायचा मोह आवरा.

कुडाळचो

मस्त धागा. फळीचा फोटो टाका ताई, आधीचा आणि नंतरचाही.

मधुमालती

शिशाचं कुणीच सांगितलं नव्हतं. घरात चार वर्षांचा नातू येऊन-जाऊन असतो. रिमूव्हर आणते आणि गच्चीवरच करते. पुढचं सांगा, मी लिहून घेतेय.

आडवी करवत

आता नीट सांगतो. थोडं लांबेल.

पेपर लाकूड गुळगुळीत करतो असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तो ओरखडे पाडतो. पेपरवर चिकटवलेला प्रत्येक दाणा लाकडात एक चर ओढतो. ८० नंबरचा दाणा सरासरी ०.२ मिलिमीटरचा असतो. १२० चा साधारण ०.१२५, १८० चा ०.०८, २४० चा ०.०६ च्या जवळपास. म्हणजे प्रत्येक पुढच्या पेपरचं काम ठरलेलं आहे: आधीच्या पेपरचे सगळे चर त्यांच्या तळापर्यंत काढायचे आणि त्या जागी आपले उथळ चर ठेवायचे. शेवटी चर इतके बारीक होतात की डोळ्याला आणि बोटाला कळत नाहीत.

आता बघा, ८० वरून थेट २४० वर उडी मारली तर ०.०६ चा दाणा ८० च्या खोल चरांची फक्त वरची शिखरं चाटतो. हात फिरवला तर फळी मऊ लागते, माणूस खूश होतो. पॉलिशचा पहिला हात पडला की ते खोल चर जसेच्या तसे वर येतात, कारण त्यांच्यात पॉलिश जास्त मुरतं आणि ते गडद दिसतात. हीच तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो: "हाताला गुळगुळीत होतं, पॉलिश केल्यावर बिघडलं." पॉलिशने काही बिघडवलेलं नसतं. ८० चं काम अर्धवट राहिलेलं असतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच की वेळ द्यायचा तो पहिल्या पेपरला. रंग आधीच रिमूव्हरने पूर्ण गेलेला हवा; वरवरचे जुने डाग, रिमूव्हर खरवडताना पडलेल्या खुणा, सगळं ८० नेच निघालं पाहिजे. ८० च्या हाताखाली फळी एकसारखी झाली की पुढचे पेपर पटापट होतात. १२० ला त्याच्या निम्मा वेळ, १८० ला त्याहून कमी. तुमच्या फळीला ८०, १२०, १८० आणि शेवटी २२० पुरे. फळी आधीच बऱ्यापैकी सपाट असेल तर १०० पासून सुरुवात केली तरी चालेल. ६० ला हात लावू नका.

एक पेपर पुरा झाला हे कसं ओळखायचं? पेन्सिल घ्या आणि अख्ख्या फळीवर हलक्या हाताने नागमोडी रेघा मारा, कडेपर्यंत. दाबून मारू नका, नाहीतर पेन्सिलीचाच चर पडतो. मग पेपर मारा. सगळ्या रेघा गेल्या म्हणजे पेपर सगळीकडे लागला. हे दोनदा करा. जिथे रेघा शिल्लक राहतात तिथे फळी खोलगट आहे, किंवा तुमचा हात तिथे पोचत नाहीये. बहुतेक वेळा टोकं आणि कडा राहतात आणि मध्यभाग जास्त घासला जातो.

दुसरी खूण उजेडाची. अंधार झाल्यावर मोबाइलची टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून आडवी धरा. वरून पडणाऱ्या ट्यूबलाइटमध्ये जे ओरखडे दिसत नाहीत ते या उजेडात सावली टाकतात. पुढच्या नंबरवर जाण्याआधी टॉर्च फिरवायचीच.

आणि नंबर बदलताना फळी ब्रशने झाडून ओल्या पिळलेल्या फडक्याने पुसून घ्या. मागच्या पेपरचा एखादा सुटलेला जाड दाणा नव्या पेपरखाली सापडला तर लांबच लांब चर पडतो.

उन्हाळी

वाचनखूण साठवली. पेन्सिलीची युक्ती आधी माहीत असती तर किती बरं झालं असतं!

ठाणेकर_इंटिरिअर

धंद्यातला माणूस म्हणून थोडं वेगळं मत मांडतो. साइटवर एवढा वेळ कुणाला नसतो. आम्ही १२० मारतो, सँडिंग सीलरचे दोन हात देतो, सीलरवर ३२० मारतो आणि वर मेलॅमाईन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश. ग्राहकाला फिनिश आवडतं. सीलर बारीकसारीक भरून घेतो, त्यासाठीच तो बनवलाय. आणि विनियरवर, म्हणजे प्लायवर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्यावर, ८० चा पेपर कुणी मारूच नये. आजकालचं विनियर अर्धा मिलिमीटर जाड असतं, कधी त्याहून कमी. ८० ने कडेला दोन हात मारले की खालचं प्लाय दिसायला लागतं.

आडवी करवत

विनियरबद्दल शंभर टक्के बरोबर. तिथे कारखान्यातून फळी घासूनच येते, १८० ने हलका हात पुरतो आणि कडांपासून लांब राहायचं.

सीलरबद्दल मात्र मला पटत नाही. सीलर लाकडाची छिद्रं बंद करतो, उठलेले तंतू कडक करतो आणि वरून घासायला सोपा जातो. चर मात्र तो झाकत नाही, कारण तो पारदर्शक असतो. रेषेच्या दिशेचा चर असेल तर तो लाकडाच्या रेषेत मिसळून जातो आणि चालून जातं. आडवा चर असेल तर सीलरचे चार हात दिले तरी तो काचेखाली ठेवलेल्या केसासारखा दिसत राहतो. गडद स्टेनखाली (लाकडाला द्यायच्या पारदर्शक रंगाखाली) तर जास्तच. तुमच्या कामात बहुतेक विनियर असतं आणि ते मुळात घासलेलं असतं, म्हणून १२० वर निभावतं. ताईंची फळी रंगाखालून निघणार आहे.

ठाणेकर_इंटिरिअर

हे मान्य. जुन्या भरीव लाकडाला वेळ द्यावाच लागतो. मी नव्या कामाचं बोलत होतो. एक भर घालतो: आमच्याकडे पॉलिशवाले फळीचं टोक, म्हणजे जिथे लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या जातात ती बाजू, कायम एक नंबर जास्त बारीक घासतात. टोक पॉलिश खूप पितं, त्यामुळे बाकीच्या फळीपेक्षा काळं पडतं. वरची बाजू १८० ला थांबवली तर टोक २४० ला न्या. रंग सारखा येतो.

मधुमालती

मशीन घेऊ का हाताने करू? माझ्या भाच्याकडे गोल चकतीचं एक सँडर आहे, पाच इंची, वेल्क्रोने पेपर चिकटतो ते. आणि हार्डवेअरवाल्याच्या झिरो-दीडचं काय?

पैलतीर

मी इथे जर्मनीत तळघरात छोटं वर्कशॉप मांडलंय, तेच मशीन रोज वापरतो. रँडम ऑर्बिटल म्हणतात त्याला. चकती स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी दोन-तीन मिलिमीटरच्या लहान वर्तुळात हलते, त्यामुळे ओरखडे एका दिशेने पडत नाहीत. मोठ्या सपाट फळीला उत्तम. पण तीन गोष्टी पाळा. वरून दाबू नका, मशीनचं स्वतःचं वजन पुरतं. दाबलं की चकती फिरायची थांबते आणि शेवयांसारखी गोलगोल नक्षी उमटते. हात सावकाश सरकवा, सेकंदाला एखाद इंच, इतका सावकाश की कंटाळा यावा. आणि मशीनला व्हॅक्यूम जोडता आला तर जोडाच. चकतीच्या भोकांतून धूळ ओढली जाते, पेपर जास्त टिकतो आणि ती शेवयांची नक्षीही कमी होते, कारण बहुतेकदा ती चकतीखाली अडकलेल्या भुश्शाच्या गोळीमुळेच पडते.

शेवटच्या नंबरला मशीन बाजूला ठेवा. त्याच नंबरच्या पेपरने हाताने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, लांब लांब हात मारा. मशीनचे उरलेसुरले गोल त्याने रेषेत मिसळतात.

नंबरांबद्दल: पेपरच्या पाठीवर आकड्याआधी रोमन पी छापलेला असेल तर तो युरोपीय मोजणीचा. अमेरिकन मोजणीत पी नसतो आणि दोन्ही आकडे बारीक बाजूला फारच वेगळे होतात. अमेरिकन ३२० म्हणजे जवळपास पी-४००. २२० पर्यंत फारसा फरक पडत नाही. सोपा उपाय म्हणजे सगळे नंबर एकाच कंपनीचे घ्या, म्हणजे पायऱ्या सारख्या पडतात.

आडवी करवत

झिरो, एक, दीड, दोन ही जुन्या काचपेपरची मोजणी. जुने सुतार अजून तसंच मागतात: दोन म्हणजे जाड, झिरो म्हणजे बारीक. कंपनीगणिक फरक पडतो, म्हणून तुम्ही आकड्यांचाच पेपर घ्या.

दुकानात तीन-चार प्रकार दिसतील. तपकिरी किंवा तांबूस असतो तो ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, लाकडाला हाच. पांढरट भुकटी लावल्यासारखा दिसतो त्याच्यावर स्टिअरेटचा थर असतो, त्यामुळे भुसा चिकटत नाही. महाग असतो, पण सागवानाला चांगला, कारण सागवानात नैसर्गिक तेल असतं आणि साधा पेपर लवकर गच्च होतो. काळा वॉटर पेपर सिलिकॉन कार्बाइडचा, तो पॉलिशच्या दोन हातांमध्ये कामाला येतो. एमरी कापड लोखंडासाठी, त्याचे काळे कण लाकडाच्या छिद्रांत बसतात, ते नको.

अवांतर: हा वॉटर पेपर १९२१ मध्ये अमेरिकेत थ्रीएम कंपनीने बाजारात आणला. फ्रान्सिस ओकी नावाच्या गृहस्थांची ती कल्पना. मोटारींच्या रंगकामात पाणी लावून घासता येऊ लागलं आणि कारखान्यातली धूळ खाली बसली. त्या काळी त्या रंगातही शिसं असायचं, म्हणजे ताईंच्या फळीचीच अडचण. आपल्याकडे उरणजवळ मोऱ्याला १९४१ साली ग्राइंडवेल ही असलाच घासकामाचा माल बनवणारी कंपनी सुरू झाली, मद्रासला १९५४ मध्ये कार्बोरंडम युनिव्हर्सल. त्याआधी असला माल बहुतेक बाहेरून यायचा.

पेपर फाडायची रीतही सांगतो. पूर्ण ताव नऊ बाय अकरा इंचांचा असतो. हॅकसॉचं जुनं पातं टेबलाच्या कडेला दोन स्क्रूने बसवा, ताव त्याखाली सरकवून ओढला की सरळ फाटतो. कात्रीने कापू नका, कात्रीची धार जाते. एका तावाचे चार तुकडे करा आणि ते लाकडी ठोकळ्यावर गुंडाळा. ठोकळ्याच्या तळाला जुन्या हवाई चपलेच्या तळव्याचा तुकडा चिकटवला तर पेपर फाटत नाही आणि दाब सारखा पडतो. नुसत्या बोटांखाली पेपर धरून सपाट फळी घासू नका. बोटांच्या खाली जास्त आणि मध्ये कमी घासलं जातं, मऊ रेषा खोल जातात आणि फळीवर लाटा उठतात. फळीच्या गोलसर कडांना मात्र नुसता चपलेचा तुकडाच बरा, तो वळतो.

कुडाळचो

पेपर नव्हता तेव्हा काय करायचे त्याबद्दल थोडं. आमच्या रानात खरवत नावाचं झाड आहे, उंबराच्याच कुळातलं. त्याचं पान इतकं खरखरीत की उलटं धरून बोटाला घासलं तर कातडी ओरबाडते. वाळवलेल्या पानाने पूर्वी लाकडी भांडी घासायचे. पारिजातकाचं पानही तसंच, हात लावून बघा, फुलांमुळे पानाकडे लक्षच जात नाही. लाकूड आणि हस्तिदंत उजळायला ती पानं वापरायचे. बऱ्याच समुद्रकाठच्या देशांत शार्कचं, म्हणजे आमच्याकडच्या मुशीचं, वाळवलेलं कातडं याच कामाला असायचं.

सावंतवाडीला चितारआळीत लाकडी फळं आणि खेळणी बघितली असतील सगळ्यांनी. फळांना पांगारा वापरतात, हलकं आणि मऊ लाकूड. वस्तू लेथवर फिरत असते आणि पेपर जागच्या जागी धरलेला असतो, म्हणून ओरखडे सगळे गोल पडतात. कुशल कारागीर शेवटी लेथ थांबवून रेषेच्या दिशेने हाताने पेपर मारतो. करवतकाका म्हणतात तेच, आडवा चर ठेवायचा नाही. कर्नाटकात चन्नपट्टणला लाखेचा रंग चढवल्यावर केवड्याच्या पानाने चकाकी आणतात, तेही लेथवरच.

मधुमालती

पारिजातक दारातच आहे. आत्ताच पान घासून बघितलं, खरंच की!

प्रगती सांगते. रिमूव्हरने रंग निघाला. हिरवा थर चिवट होता, दोनदा लावावा लागला. खाली लाकूड फार देखणं आहे. दोन ठिकाणी काळे डाग आहेत, कडीच्या भोकांभोवती. आणि एका टोकाला रेषा उलट्या जातात, तिथे जरा खडबडीत आहे.

आडवी करवत

काळे डाग लोखंडाचे. कड्या पितळी असल्या तरी आतला बोल्ट किंवा वायसर लोखंडी असणार. लाकडातलं टॅनिन, लोखंड आणि ओल एकत्र आली की असा निळसर काळा डाग पडतो. तो घासून काढायला जाऊ नका, खोल गेलेला असतो आणि तुम्ही खड्डा कराल. ऑक्झॅलिक ॲसिड मिळतं, कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने लावा, डाग फिका पडला की स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ते विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा घाला. वाळल्यावर उरलेली पांढरी भुकटी उडवायची नाही, आधी पुन्हा पुसून घ्यायची. याच कारणाने सागवानावर तारेची घासणी कधी वापरू नका. तिचे तुकडे छिद्रांत अडकतात आणि पहिल्या पावसाळ्यात काळे ठिपके उठतात. भोकांत, फटींत जुने खिळे शिल्लक आहेत का तेही लोहचुंबक फिरवून बघा.

उलट्या रेषांसाठी रंधा नको, तो चिरफळ्या उडवतो. पूर्वी अशा जागी खिडकीच्या काचेचा फुटका तुकडा दोन्ही हातांनी कलता धरून खरवडायचे. माझे वडील आयुष्यभर तसंच करत आले. आता पोलादाची पातळ पट्टी मिळते, तिच्या कडेला घासून बारीक आकडी आणायची आणि ती जरा वाकवून, अंगठ्याने मागून दाब देत पुढे ढकलायची. नीट धार असेल तर भुसा पडत नाही, कागदासारखे पातळ सुटे पापुद्रे निघतात. भुसा पडायला लागला की धार गेली समजा. सागवानात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात, त्यामुळे ती लवकरच जाते. पट्टीने ती जागा साफ झाली की तिथे थेट १२० पासून सुरू करा.

षड्ज

मिरजेला तंबोऱ्यांच्या कामाजवळ बरीच वर्षं वावरलोय, म्हणून पॉलिशबद्दल लिहितो. तिथे भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा आणि लाकूड तुणीचं. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने हातावर हात चढवत जायचं. अशा चकचकीत कामात तयारी दसपट कडक लागते, कारण चकाकी जितकी जास्त तितका आतला प्रत्येक ओरखडा उघडा पडतो. दोन हातांच्या मध्ये नवा पेपर कधी घेत नाहीत. वापरून बोथट झालेला बारीक पेपर जपून ठेवलेला असतो, तोच हलकेच फिरवतात. नवा पेपर पातळ थर कापून खाली लाकडापर्यंत जातो.

ताई, झोपाळ्याला मात्र लाखेचं पॉलिश नको. घामाने, गरम कपाने, सांडलेल्या पाण्याने त्यावर पांढरे डाग पडतात. देवघराला, वाद्याला ते शोभतं.

उन्हाळी

मध्येच विचारते, पोळपाटाला काय करावं? नवा शिसवी पोळपाट आहे, धुतला की दर वेळी खरखरीत होतो.

आडवी करवत

पाणी लागलं की घासताना दबलेले तंतू फुगून उभे राहतात, म्हणून खरखर येते. ते मुद्दामच उभे करा. २२० पर्यंत घासून झालं की ओल्या फडक्याने पोळपाट पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि वाळल्यावर त्याच २२० च्या वापरलेल्या पेपरने अगदी हलका हात मारा, फक्त उठलेली लव कापण्यापुरता. पुन्हा ओला, पुन्हा वाळवा, पुन्हा हलका हात. दोन-तीन फेऱ्यांनंतर पाण्याने काही उठत नाही. मग खाण्याचं जवसाचं तेल पातळ लावून पुसून ठेवा, काही दिवस वाळू द्या. शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं तेल नको. ते नीट वाळत नाही, चिकट राहतं आणि खवट होतं.

मधुमालतीताई, झोपाळ्यालाही हे करायचंय, पण एकदाच आणि २२० च्या आधी. १८० झालं की पुसा, वाळवा, मग २२०.

पैलतीर

शिसव घासताना मास्क विसरू नका. त्याच्या धुळीने अनेकांना त्वचेवर पुरळ उठतं.

मधुमालती

आणखी बारीक केलं तर? ४००, ६०० पर्यंत नेलं तर काचेसारखं होईल ना?

आडवी करवत

नाही होणार. सागवानाची छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढी मोठी असतात. ६०० मारला तरी ती तिथेच राहतात, फक्त मधलं लाकूड चकचकीत होतं. उलट इतकं घोटलेलं लाकूड तेल आणि पॉलिश नीट पीत नाही, पकड कमी होते. काचेसारखं हवं असेल तर छिद्रं भरावी लागतात. जुने पॉलिशवाले खडूच्या पुडीत गेरू आणि पिवळी माती लाकडाच्या रंगाला जुळवून कालवायचे आणि रेषेला आडवं चोळून भरायचे. आता तयार फिलर मिळतो. पण झोपाळ्याला मी छिद्रं उघडीच ठेवीन. हाताला लाकूड लागलं पाहिजे, प्लॅस्टिक नव्हे.

कडांची धार मात्र २२० ने मोडा. नुसती बोटाला टोचणार नाही एवढी. धारदार कडेवर पॉलिशचा थर टिकत नाही, तो मागे ओढला जातो आणि पहिलं पॉलिश तिथूनच उडतं. पदर अडकतो तोही तिथेच.

पॉलिश म्हणाल तर मॅट पीयूचे तीन पातळ हात, दोन हातांच्या मध्ये ३२० हलका. किंवा उकळलेलं जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून, चोळून, पंधरा-वीस मिनिटांनी कोरडं पुसून. तेल कालांतराने पुन्हा लावता येतं, त्यासाठी फळी पुन्हा घासावी लागत नाही. तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगाळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. आणि हे सगळं पावसाळ्याच्या आत उरका, दमट हवेत तेल वाळत नाही आणि मेलॅमाईनसारखी पॉलिशं पांढुरकी पडतात.

ठाणेकर_इंटिरिअर

तेलाला माझंही मत. रोज वापराच्या झोपाळ्यावर पीयूला चरे पडले की एका जागी दुरुस्ती करता येत नाही.

मधुमालती

मग तेलच. ८० चं काम पूर्ण झालं, पेन्सिल आणि टॉर्च दोन्ही करून. टॉर्चमध्ये एक आडवा ओरखडा सापडला, दिवसा तो अजिबात दिसत नव्हता. आता १२० सुरू करते. शेवटची शंका: खालची बाजूही एवढीच घासायची का? ती कुणाला दिसणार नाहीये.

आडवी करवत

खालच्या बाजूला १२० वर थांबा, तेवढं पुरे. झोपाळ्याखालून हात घालून माणसं फळी धरतात, कुसळ लागता कामा नये. पण तेलाचे हात वर जितके तितकेच खालीही द्या, आणि टोकांना एखादा जास्त. वरची बाजू बंद आणि खालची उघडी राहिली तर पावसाळ्यात ओल एकाच बाजूने आत जाते, खालचं लाकूड फुगतं आणि दोन फूट रुंद फळीला बाक येतो. कड्यांच्या भोकांच्या आतूनही कापसाच्या काडीने तेल फिरवा, आणि कड्या परत बसवताना लोखंडी वायसर टाकून पितळी घ्या, म्हणजे काळे डाग पुन्हा पडणार नाहीत.